आय-सेव्हन, मे महिना आणि वारंगा फाटा

"तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग आमचा कॉम्प्युटर बघ बरं जरा. लई तापायलाय."

मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर हे वाक्य ज्याने ऐकलं नसेल त्याने हात वर करावा! तुमची शाखा कोणती, हे कुणी विचारत नाही. सिव्हिलवाला असो की केमिकलवाली, घरातला कॉम्प्युटर तुमच्याच गळ्यात. मी तर मेकॅनिकलची. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात आजोळी, वारंगा फाट्याला पोचल्या पोचल्या मामेभावाने हे वाक्य टाकलं तेव्हा मी हसून सोडून दिलं. पण पुढचे दहा-बारा दिवस मी जे केलं ते आमच्या हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलपेक्षा फार वेगळं नव्हतं. आपल्या होस्टेलमध्येही विंगेगणिक एक तरी रेडिमेड गेमिंग पीसी आहे, आणि त्याच्या मालकाच्या डोक्यात "आता प्रोसेसर बदलून टाकू" हा किडा असतोच. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी जागेबद्दल. वारंगा फाटा हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर हा फाटा लागतो. एक रस्ता हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. म्हणजे दिवसरात्र ट्रक, एस.टी. आणि धूळ. दादाचं दुकान रस्त्याला लागूनच, मागे घर. तो लग्नाचं शूटिंग करतो आणि मिक्सिंगही स्वतःच करतो. दुकानावर पत्रा आहे. लग्नसराई आणि ऊन दोन्ही एप्रिल-मेमध्येच येतात, त्यामुळे मशीनला सगळ्यात जास्त काम असतं तेव्हाच दुकानात सगळ्यात जास्त उकडतं. बाहेर ४२-४३ डिग्री, आत पत्र्याखाली दुपारी थर्मामीटरवर ४१. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मशीन म्हणजे एका नामांकित कंपनीचा तयार गेमिंग डेस्कटॉप, २०१८ चा, पुण्यातल्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतलेला. आत इंटेलचा कोअर आय-थ्री ८१०० आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. गेमिंगचं मशीन मिक्सिंगला चांगलं चालतं. अडचण वेळेची होती. दोन तासांची एक लग्नाची फिल्म बाहेर काढायला, म्हणजे एक्स्पोर्टला, ३ तास ५० मिनिटं लागत. त्यात मधे लाइट गेली की पहिल्यापासून. आणि त्या आठवड्यात तीन लग्नांचं काम एकदम अंगावर आलेलं. त्यातल्या एका घरी शनिवारी सत्यनारायण होता, आणि पाहुण्यांसमोर फिल्म लावायची असं मुलीच्या वडिलांनी आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं. दादाने आगाऊ पैसेही घेतलेले. म्हणून त्याने ओळखीतून साडेसात हजारांत एक वापरलेला आय-सेव्हन ८७०० मागवून ठेवला होता आणि माझी वाट बघत होता.

निवड त्याने चांगली केली होती, आणि ती कशी केली हे सांगण्यासारखं आहे, कारण इथेच बहुतेक जण फसतात. नांदेडच्या एका दुकानदाराने त्याला आय-सेव्हन ७७०० स्वस्तात देऊ केला होता. "तुमचं सॉकेट ११५१, हापण ११५१. डोळे झाकून बसवा!" त्याचं अर्धं बोलणं खरं होतं. इंटेलची सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींच्या सॉकेटला ११५१ च टोकं आहेत. सातव्या पिढीचा प्रोसेसर आठव्याच्या बोर्डात अगदी मस्त बसतोसुद्धा. फक्त चालू होत नाही! आतल्या टोकांची वाटणी बदललेली आहे आणि चिपसेटही वेगळा लागतो. म्हणजे किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही.

दुसरा सौदा आला होता आय-फाइव्ह ९४००एफ चा. सहा कोअर, किंमत कमी. शेवटच्या त्या "एफ" कडे मात्र कुणी बघत नाही. एफ म्हणजे या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही, त्याच्याकडे कार्ड असतं. पण दादा एडियसवर काम करतो, आणि एडियस एच.२६४ फाइल काढताना इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंक नावाच्या सोयीचा वापर करतं. एफ घेतला असता तर ती सोय गेली असती, आणि नवीन प्रोसेसरवर काम जुन्यापेक्षा हळू झालं असतं तरी नवल नव्हतं. आपण कोणतं काम करतो ते बघूनच प्रोसेसर घ्यायचा, नुसते कोअर मोजून नाही.

तिसरी गोष्ट बायोसची. बोर्डाला नवीन प्रोसेसर ओळखता आला पाहिजे आणि ते बायोसवर ठरतं. बाजारातून सुटा घेतलेला बोर्ड असेल तर कंपनी यादी देते. तयार मशीनच्या कंपन्या बहुधा अशी यादी देत नाहीत. अशा वेळी साधी युक्ती म्हणजे त्याच मॉडेलच्या माहितीपत्रकात ते मशीन कोणकोणत्या प्रोसेसरसह विकलं जात होतं ते बघायचं. दादाचं मॉडेल आय-थ्री, आय-फाइव्ह ८४०० आणि आय-सेव्हन ८७०० अशा तीन प्रकारांत होतं. म्हणजे ८७०० नक्की चालणार. तरी बायोस अपडेट करायचाच असेल तर जुना प्रोसेसर आत असतानाच करावा, आणि यूपीएस भरलेला असताना. बायोस लिहिला जात असताना लाइट गेली तर बोर्डाची शोभेची वस्तू होते, आणि फाट्यावर लाइट कधी जाईल याचा नेम नाही. आम्ही पहाटे साडेपाचला उठून केला.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे येते. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात. ११५१ बारीक सोनेरी स्प्रिंगा, गवताच्या पात्यासारख्या वाकलेल्या. प्रोसेसर हातातून निसटून त्यांच्यावर कोपऱ्यावर पडला तर बोर्ड गेला म्हणून समजा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या खुणेला जुळवायचा, सरळ वरून ठेवायचा, दाबायचा नाही. मग कडेची दांडी खाली आणताना कर्र असा आवाज येतो. त्या आवाजाला माझा श्वास अडकला होता, पण तो येतोच, घाबरू नये. मामा मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता. मामी दारातून म्हणाली, "समदं खोलून ठेवलंय, जुळंल का गं परत?"

जुळलं. मशीन चालू झालं, स्क्रीनवर आय-सेव्हन दिसला, दादाने पेढे आणले. रात्री नऊला सत्यनारायणवाल्या घरची फिल्म एक्स्पोर्टला लावली. सुरुवातीला अंदाज दाखवत होता १ तास ५० मिनिटं. आम्ही जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर अंदाज नऊ तासांवर गेलेला! प्रोसेसरचा वेग ४ गिगाहर्ट्झवरून ०.८ वर पडला होता. तापमान नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मागे जाऊन पाहिलं, पहिल्या दोन मिनिटांतच १०० डिग्री लागले होते. साडेसात हजारांचा नवा प्रोसेसर जुन्या आय-थ्रीच्याही मागे पडला होता.

दादा काही बोलला नाही. तो नुसता स्क्रीनकडे बघत बसला. मला ते जास्त लागलं.

त्या रात्री काम निभावलं ते एका फुकटच्या सेटिंगवर. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" नावाचा आकडा असतो, तो १०० असतो. तो ९९ करायचा. एवढंच. एक टक्का कमी केल्यासारखं दिसतं, पण त्याने इंटेलचा टर्बो बंद होतो आणि प्रोसेसर मूळ वेगावर, म्हणजे ८७०० असेल तर ३.२ गिगाहर्ट्झवर चालतो. तापमान ८५ वर थांबलं आणि फिल्म २ तास २५ मिनिटांत निघाली. शनिवारचा सत्यनारायण वाचला. पण पैसे दिले ४.३ चे आणि मिळतात ३.२, ही बोच होतीच.

दुसऱ्या दिवशी मी वही काढली. जे गणित आधी करायला हवं होतं ते केलं. ते इतकं सोपं आहे की सांगायलाच लाज वाटते.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो ती सगळी शेवटी उष्णता होते. ही उष्णता कूलरमधून हवेत जाते. प्रत्येक कूलरला एक आकडा लावता येतो, दर वॅटमागे प्रोसेसर आजूबाजूच्या हवेपेक्षा किती डिग्री जास्त तापतो तो. हा आकडा दुकानदार सांगत नाही, पण आपला आपल्याला काढता येतो. आय-थ्री असताना मी पूर्ण लोडवर नोंदी घेऊन ठेवल्या होत्या, हे एक बरं केलं होतं. वीज ४५ वॅट, कॅबिनेटच्या आतली हवा ५० डिग्री, प्रोसेसर ७७. म्हणजे ४५ वॅटला २७ डिग्री, एका वॅटला ०.६. आता आय-सेव्हन टर्बोमध्ये याच मशीनवर १०५ वॅट घेत होता. १०५ गुणिले ०.६ म्हणजे ६३. त्यात ५० मिळवा, ११३ झाले! या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, तिथे तो स्वतःच वेग कमी करतो. टर्बो बंद असताना तो ५८ वॅट घेतो. ५८ गुणिले ०.६ म्हणजे ३५, अधिक ५०, बरोबर ८५. वहीतला आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा एकच. हीट ट्रान्सफरच्या पेपरात मला असा आनंद कधी झाला नाही.

"पण दोन्ही प्रोसेसरच्या डब्यावर तर ६५ वॅटच लिहिलंय की," दादाचा प्रश्न रास्त होता. आय-थ्री ८१०० चा टीडीपी ६५ वॅट, आय-सेव्हन ८७०० चाही ६५ च. पण टीडीपीचा हा आकडा मूळ वेगासाठी असतो. आय-थ्रीला टर्बो नाहीच, तो ३.६ वर सरळ चालतो. आय-सेव्हन मूळ ३.२ चा, पण सहाही कोअर मिळून ४.३ पर्यंत धावतो, तेव्हा ६५ ची मर्यादा कधीच मागे पडलेली असते. काही कंपन्यांची मशीनं थोड्या सेकंदांत त्याला ६५ वर ओढून आणतात, दादाच्या बोर्डाने मोकळं सोडलं होतं. आणि वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, तिथे खरी मेख आहे. वीज वाढते ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग १.३ पट करायला व्होल्टेज १.१८ पट लागलं तर वीज १.८ पट होते. ५८ चे १०५. पाऊणपट जास्त गॅस जाळून पाव भाकरी जास्त!

म्हणजे उपाय दोनच. तो ०.६ खाली आणायचा आणि ते ५० खाली आणायचे. बहुतेक लोक फक्त पहिला करतात. आम्ही दुसऱ्यापासून सुरुवात केली, कारण तो फुकट होता.

दादाचं कॉम्प्युटर टेबल तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तुमच्याही घरी तेच असणार. खाली उजवीकडे कॅबिनेट ठेवायला लाकडी खण, मागून बंद. मशीन पाठीमागून गरम हवा सोडतं, ती खणातच फिरते आणि पुढून परत आत जाते. आपलाच श्वास आपण गोधडीत तोंड घालून घ्यावा तसा प्रकार. दुकानातली हवा ४१ आणि कॅबिनेटमधली ५० का, याचं अर्धं उत्तर त्या खणात होतं. कॅबिनेट बाहेर काढून स्टुलावर ठेवलं. मग उघडून बघितलं तर पुढच्या जाळीवर आणि पंख्याच्या पात्यांवर पिवळट थर. धूळ तर होतीच, पण हा पिवळा रंग हळदीचा. हिंगोली जिल्हा हळदीचा, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. उन्हाळ्यात हळद शिजवून, वाळवून, पॉलिशला जाते तेव्हा तिची पूड हवेत असते, आणि ती दादाच्या हीट सिंकच्या फटीत जाऊन बसली होती. ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं (पंखा बोटाने धरून ठेवावा, ब्लोअरने गरगर फिरू देऊ नये). एवढ्यानेच आतली हवा ५० वरून ४६ वर आली.

आता ०.६. तयार मशीनचा कूलर म्हणजे अॅल्युमिनियमचा वाटोळा गोळा आणि वर पंखा. आय-थ्रीला तो पुरत होता, म्हणून कंपनीने तोच दिला, यात फसवणूक नाही. त्याच्या जागी हीट पाइपवाला टॉवर कूलर घ्यायचं ठरलं. हीट पाइप म्हणजे तांब्याची बंद नळी, आत अगदी थोडं पाणी आणि हवा काढून घेतलेली. हवा नसल्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ वरच्या थंड पत्र्यांकडे धावते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून ते खाली येतं. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी करून दाखवली.

हे मी मामाला समजावत होते तर तो म्हणाला, "म्हणजे आपला हळदीचा कुकरच की!" अगदी बरोबर. पूर्वी हळद कढईत पाण्यात शिजवायचे. आता बॉयलरमध्ये वाफ करतात आणि नळीने ती हळदीच्या ड्रममध्ये सोडतात. वाफ थंड हळदीला लागते, तिचं पाणी होतं आणि होताना ती आपली सगळी धग तिथे सोडते. (धग हा शब्द मामीचा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये फक्त "हीट" होती.) एक किलो पाणी एक डिग्रीने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, पण १०० डिग्रीच्या एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७. एवढी उष्णता वाफ अंगावर घेऊन जाते, म्हणून चमचाभरापेक्षा कमी पाण्यात काम भागतं.

कूलर घेताना उंची मोजा, हे मी दहादा सांगेन. सगळ्यांच्या तोंडी असलेला हायपर २१२ इव्हो १५९ मिलिमीटर उंच आहे. दादाच्या कॅबिनेटमध्ये बोर्डापासून झाकणापर्यंत १३८ मिलिमीटर जागा! आम्ही १२५ चा, ९२ मिलिमीटर पंख्याचा छोटा टॉवर घेतला, १७०० रुपयांना. शिवाय दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, काही तयार मशीनमध्ये कूलरचे स्क्रू बोर्डामागे कायमच्या बसवलेल्या पट्टीत जातात, ती निघाल्याशिवाय नवा कूलर बसत नाही. दुसरी, पंख्याचं सॉकेट. बाजारातला पंखा चार पिनचा असतो, तुमच्या बोर्डावर वेगळंच काही असेल तर आधी अॅडॉप्टर शोधा. आमचं नशीब, दोन्ही सरळ होतं.

पेस्टबद्दल होस्टेलवर जेवढे लोक तेवढी मतं. तिचं काम काय ते कळलं की वाद मिटतो. तांब्यातून उष्णता वाहण्याचा आकडा ४०० च्या आसपास, अॅल्युमिनियमचा २३५, चांगल्या पेस्टचा ५ ते ८, आणि हवेचा ०.०२६. म्हणजे पेस्ट धातूपुढे काहीच नाही, पण हवेपुढे फार मोठी आहे. दोन धातूंच्या मधल्या बारीक खड्ड्यांतली हवा घालवणं एवढंच तिचं काम. म्हणून तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवायची आणि कूलर सरळ दाबायचा. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायची.

सगळं बसवलं. दुपारी दोन वाजता, मुद्दाम सगळ्यात उकाड्याच्या वेळी, टर्बो चालू करून एक्स्पोर्ट लावलं. १०५ वॅटला प्रोसेसर ८४ डिग्री. आम्ही टाळ्या दिल्या. पंचवीस मिनिटांनी वेग धाडकन ०.८ वर!

इथे माझं डोकं चालेना. प्रोसेसर ८४, मर्यादेपासून लांब, मग ब्रेक कोण लावतंय? रात्रभर बोर्डाचे फोटो बघत बसले आणि शेवटी उत्तर दिसलं ते बोर्डावरच्या दोन रिकाम्या भोकांत. प्रोसेसरच्या शेजारी काळ्या चौकोनी तुकड्यांची एक रांग असते, तिला व्हीआरएम म्हणतात. पॉवर सप्लायकडून येतात १२ व्होल्ट, प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आत. ते बदलून द्यायचं काम या तुकड्यांचं. १०५ वॅट आणि साधारण १.१५ व्होल्ट म्हणजे ९० अँपिअरच्या वर करंट! घरातल्या साध्या प्लगला ५-६ अँपिअर असतात, यावरून कल्पना करा. आय-थ्रीला हेच ४० च्या आसपास होतं. आणि करंट वाहताना जी उष्णता होते ती करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट करंटला पाचपट. दादाच्या बोर्डावर या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना भोकं होती आणि त्यात काहीच नव्हतं. त्याच मॉडेलच्या आय-सेव्हन प्रकाराचे फोटो काढून बघितले. त्या भोकांत अॅल्युमिनियमची पट्टी बसवलेली! बोर्ड एकच, स्वस्त प्रकारातून पट्टी काढून घेतलेली. कंपनीला माहीत होतं की आय-थ्रीला ती लागणार नाही. नंतर कुणी आय-सेव्हन घालेल हा विचार तिने का करावा?

आणि गंमत पुढेच आहे. जुना वाटोळा कूलर हवा खाली, बोर्डावर फुंकतो. तो प्रोसेसरबरोबर या तुकड्यांनाही थोडा वारा घालत होता. आमचा नवा टॉवर हवा आडवी, मागच्या बाजूला फेकतो. म्हणजे प्रोसेसर थंड करताना आम्ही व्हीआरएमचा होता तो वाराही काढून घेतला. ते तापले की प्रोसेसरला "थांब" असा इशारा जातो आणि तो ०.८ वर येतो. पहिल्या रात्रीही बहुधा हेच झालं होतं. १०० डिग्रीच्या आकड्याने मी फसले. नुसत्या १०० ला प्रोसेसर वेग थोडा कमी करतो, एवढा कोसळत नाही. दोन वेगळी दुखणी मी एकच समजले होते.

औषध दोनशे रुपयांचं निघालं. चिकटणाऱ्या थर्मल टेपवर बसणारे छोटे अॅल्युमिनियमचे हीट सिंक मिळतात. तुकडे अल्कोहोलने पुसून एकेकावर एक बसवला, शेजारच्या कॉइलला किंवा उघड्या टोकांना धातू लागणार नाही याची काळजी घेऊन. बोर्ड उभा असल्यामुळे टेप निसटला तर सरळ ग्राफिक्स कार्डावर पडणार, म्हणून एक दिवस मशीन आडवं ठेवून टेप पक्का होऊ दिला. त्याशिवाय साडेतीनशेचे दोन पंखे, पुढचा हवा आत घेणारा, मागचा, व्हीआरएमच्या बाजूचा, बाहेर काढणारा. आतली हवा ४६ वरून ४४ वर आली.

मग पुन्हा दुपारी दोन. प्रोसेसर ८२, वेग ४.२-४.३ वर, पंचवीस मिनिटं गेली, चाळीस गेली. दादा मधून मधून येऊन स्क्रीनवर न बघता नुसता पंख्याचा आवाज ऐकून जायचा. १ तास ५५ मिनिटांत फिल्म बाहेर आली. वहीत गणित केलं, ८२ वजा ४४ म्हणजे ३८, भागिले १०५, ०.३६.

आता खरं सांगायचं तर या सगळ्या आकड्यांत मला एक गोष्ट खटकते. आय-थ्रीवर ३ तास ५०. आय-सेव्हनवर टर्बो बंद ठेवून २ तास २५, आणि हे जुन्या कूलरवर, फुकटात. टर्बो चालू करून १ तास ५५, त्यासाठी कूलर, पंखे, हीट सिंक मिळून २६०० रुपये आणि माझी अर्धी सुट्टी. म्हणजे मोठी उडी कोअर वाढल्याने मिळाली, शेवटचा अर्धा तास मात्र महागात पडला. तुम्ही गेम खेळत असाल तर तो अर्धा तास म्हणजे काही फ्रेम्स असतील, आणि त्यासाठी होस्टेलच्या बंद खोलीत आणखी ४७ वॅटचा हीटर लावल्यासारखं होईल. रूम पार्टनरला विचारून ठरवा!

दादाने स्वतःचा मार्ग काढला. दुपारी तो ९९ वर चालवतो आणि रात्री, दुकानातली हवा ३२-३३ वर उतरली की १०० करतो. पॉवर प्लॅनचे दोन शॉर्टकट मी डेस्कटॉपवर करून दिले, त्यांना त्याने "दिवस" आणि "रात्र" अशी नावं दिली आहेत. दर पंधरा दिवसांनी जाळी झटकतो. आय-थ्री त्याच्या डबीत कपाटावर आहे. आणि टेबलाच्या त्या रिकाम्या खणात मामीने कांदे ठेवले आहेत, तिच्या मते ती जागा कोरडी आणि चांगली आहे.